बारा नंबरची जागा

—अगं किती दाबशील, बंद आहे ती बेल! कडी वाजवायची असते आमच्याकडे. ये, ये, पल्लवी, आत ये. जय भीम. चपला आतच काढ, बाहेर राहिल्या की कुत्रं उचलून नेतं. बस त्या खुर्चीवर — नाही, ती नको, तिचा एक पाय हलतो, हिच्यावर बस. लताबाई म्हणाल्या मला, गुरुवारचं विमान आहे आमच्या पोरीचं, संजनाला काही द्यायचं असलं तर काढून ठेवा. चांगलं झालं गं. कॉलनीतली दुसरी नर्स तू, इंग्लंडला जाणारी. पहिली आमचीच. तुझ्या तिकडच्या गावापासून दोन तासांवर आहे म्हणे ती, भेटायला येणार आहे ना तुला? मग झालं तर. नाही, कुरडया नकोत, शेवया नकोत, सगळ्या कॉलनीने तुझ्या बॅगेत कुरडयाच भरल्यात, तू कपडे कुठे ठेवणार? माझं एवढंसंच आहे. ह्या रुमालात. कॅसेट आहे. बुद्धवंदनेची — संजनाची आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाला भन्ते आले होते ना, तेव्हाची. दोन वर्षं झाली, पाठवायची राहूनच गेली. राहते हो एखादी गोष्ट. चहा टाकू? बरं, नको तर नको.

तुला ठाऊक आहे का, संजना राहते ते गाव मला पाठ आहे. हसतेस काय? मी नाशिकरोडच्या पुढे फार तर मुंबईपर्यंत गेलेला माणूस, पण ते गाव मला पाठ आहे. छोटंसं आहे, आपल्या दोन कॉलन्या मावतील एवढं. बघायला लोक येतात लांबून. तिथल्या वाचनालयात सही केली की एक यंत्र देतात, कानाला लावायचं. गावात जागोजाग खांब, खांबावर नंबर, एक ते बारा. नंबर दाबला की यंत्र बोलतं — इथे उभे राहा, आता डावीकडे बघा, हे झाड तीनशे वर्षांचं, इथून साठ पावलं खाली चला. असं सगळं गाव फिरवून आणतं. संजनाला तिथे गेल्यावर कोण होतं बोलायला? म्हाताऱ्यांच्या आश्रमात आठवडाभर राबायचं आणि रविवारी खोलीत एकटीने बसायचं. मग ही दर रविवारी जायची, सही करायची आणि यंत्र कानाला लावून तेच गाव पुन्हा फिरायची. का? तर तेवढंच कोणीतरी बोलायचं तिच्याशी. हे तिने आईला सांगितलं, फोनवर. मला नाही. मला कशी सांगेल?

तर तिने काय केलं — एक छोटा टेप घेतला आणि एकेका खांबापाशी उभी राहून सगळं मराठीत बोलली. आईसाठी. "आई, आता चर्चच्या फाटकापाशी उभी राहा. आता चाळीस पावलं चाल. हळू, दगडं आहेत." असं, बारा जागा. दोन हजार चार सालच्या मे महिन्यात तिची एक मैत्रीण सुट्टीवर आली, तिच्या हाती कॅसेट पाठवली, वॉकमन पाठवला. विमलला, म्हणजे आमच्या हिला, शुगर, डॉक्टर ओरडून थकले होते चाला चाला म्हणून, कधी ऐकलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर पदर खोचून, कानात वायर घालून निघाली! तू लहान होतीस तेव्हा? बारावीला? मग पाहिलं असशील. सगळी कॉलनी हसायची — निघाल्या विमलाबाई लंडनला. चर्चचं फाटक म्हणजे आपल्या विहाराचं फाटक. पाणचक्की म्हणजे चिमाजीची पिठाची गिरणी. पूल म्हणजे नाल्यावरची फरशी. बदकांचं तळं आहे तिकडे — आपल्याकडे पाण्याच्या टाकीखाली डबकं, डुकरं लोळतात त्यात, तर ही तिथेही थांबायची, पोरीने थांब म्हटलंय ना. लढाईत मेलेल्या शिपायांची नावं कोरलेला दगड आहे तिकडे, पाच नंबर. हिला दगड कुठून मिळणार? विहाराच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची पाटी आहे, तिच्यासमोर उभी राहून हात जोडायची. मी म्हटलं, अगं बाई, जिवंत आहेत ती माणसं! तर केरू पगारेचं नाव वाचून म्हणाली, असू देत, कधीतरी लागेलच.

हो, तोच केरू. मनमाडचा. तुला कोणी सांगितलं? लताबाईंनी? बरोबर आहे, कॉलनीत काय लपतंय. मी चौतीस वर्षं मनमाडला रेल्वेच्या मालधक्क्यावर होतो, केरू माझ्या टेबलाशेजारी. त्याच्या पोराला संजना द्यायची असा शब्द दिला होता मी. तिला विचारलं होतं का? नव्हतं विचारलं. तेव्हा वाटलं, बापाने विचारायचं असतं होय? तिने परस्पर परीक्षा दिली, कागद केले, आणि तिकीट हातात घेऊन ह्याच खोलीत उभी राहिली. मी म्हटलं, जा, पण मला फोन करू नकोस. झालं. बोलून गेलो आणि मग तो शब्द काही मागे घेता येईना. ती ऐकणारी निघाली ना! दर रविवारी फोन यायचा, आईशी बोलायची, मी उठून आत जायचो. तीन वर्षं. माणूस एवढा मूर्ख असतो का गं? असतो. मी होतो.

आता विमल काय गप्प बसणारी होती? तिने चिमाजीचा टेप मागून आणला, मोठा, सहा सेलवाला, तो काखोटीला मारला आणि सकाळी उठून आपली कॉलनी बोलत फिरली. उलटं. संजनासाठी. बारा जागा, तशाच — संजू, आता विहाराच्या फाटकात ये, चप्पल काढ. संजू, आता गिरणीपाशी उभी राहा. आठ दिवस खपत होती. एका बाजूला बसवलं सगळं, वर कागद चिकटवून नाव लिहिलं 'संजना', आणि माझ्या हातात दिली. पोस्टात टाका म्हणाली, रजिस्टर करून, तुम्हाला माल पाठवायची सवय आहे. होतीच. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक नग हरवला नाही, विचार कुणालाही मनमाडला. पण सवय दुसरीही होती — तपासल्याशिवाय नग चढवायचा नाही. म्हणून ती बाहेर गेली तेव्हा मी ऐकली. एकदाच. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

आणि पोस्टात नाही टाकली.

—नाही, थांब, मी हे सांगणार नव्हतो. वंदनेचीच आहे कॅसेट. म्हणजे वंदनाही आहे. बस गं, बस, उठू नकोस.

बारा नंबर होता आपलं दार. हेच. त्यात माझ्याबद्दल बोलली होती ती. वाईट नाही — वाईट बोलली असती तर बरं झालं असतं, मी दुसऱ्या दिवशी पाठवली असती. मला लाज वाटली. पोरीपुढे मान ताठ ठेवून होतो ना मी, ती मान हिने त्या कॅसेटमध्ये पार खाली आणली होती. वरचा नावाचा कागद ओला करून खरवडला आणि जुन्या कॅसेटांच्या पिशवीत टाकून दिली. हिला सांगितलं, टाकली. मग दर रविवारी ही फोनवर विचारायची, मिळाली का गं? नाही मिळाली. मिळाली का? नाही आई. मी आत बसून दोघींचं ऐकायचो. मग एकदा मीच म्हटलं, टपालात गहाळ झाली असेल. ही म्हणाली, तुम्ही असता तिथे तर झाली नसती. असं म्हणाली ती मला. मी म्हटलं, पुन्हा भर की, त्यात काय! तर म्हणाली, पुन्हा तसं बोलायला येत नाही हो.

पाच सालच्या डिसेंबरात ती गेली. तू आली होतीस, मला आठवतं, तुम्ही पोरींनीच पाणी दिलं होतं सगळ्यांना. संजनाला येता आलं नाही — तिचा पासपोर्ट त्यांच्या कचेरीत अडकलेला, व्हिसाच्या कामात. फोन आला. मी उचलला, दुसरं कोण उचलणार? तीन वर्षांनी पोरगी मला म्हणाली, "बाबा." मग म्हणाली, आईच्या कार्यक्रमाची वंदना टेप करून पाठवाल का? मला इथे बसून ऐकायची आहे. मी म्हटलं, पाठवतो. घरात पाहुणे, फोटोला हार, मेणबत्त्या, भन्ते येऊन बसलेले, आणि मी पिशवीत हात घातला. पुष्कळ होत्या, त्यातली एक बिननावाची दिसली. कोरी असेल म्हटलं. चौतीस वर्षं तपासल्याशिवाय नग चढवला नाही — त्या दिवशी नाही तपासला. चिमाजीचाच टेप होता, सेल काढलेले, वायर लावून चालू केला आणि फोटोसमोर ठेवला.

कळलं ना तुला? कळलंच.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर लावून बघितली. त्रिशरण, मग पंचशील, सगळे एका आवाजात म्हणतायत, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. चौथं शील आहे ना, खोटं बोलणार नाही — ते तर मी असं ठासून म्हटलंय! भन्तेंपेक्षा मोठ्याने. आणि त्याच्या खाली विमल गेली. विहाराचं फाटक गेलं, गिरणी गेली, फरशी गेली, टाकी गेली. भन्ते उपदेश करत होते आणि मधेच लाइट गेली, लोडशेडिंग, तुला आठवत असेल, सगळे हळहळले होते. तिथे टेप बंद पडला. तिथपर्यंत अकरा जागा पुसल्या होत्या. त्याच्या पुढे, खर्रकन आवाज होतो आणि विमल बोलते — "आता बारा नंबर." जे पोरीने ऐकू नये म्हणून मी दडवलं होतं, तेवढंच राहिलं बघ.

मग संजनाला काय सांगितलं? सांगितलं, लाइट गेली म्हणून टेप झालंच नाही. पंचशील म्हणून आठ दिवस नव्हते झाले.

आता फोन करते ती मला. दर रविवारी. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. फार चांगली पोरगी आहे. मागच्या महिन्यात विचारलं तिने — बाबा, आई माझ्या कॅसेटबद्दल कधी काही म्हणाली का हो? मी म्हटलं, ऐकायची ना, रोज ऐकायची. ती म्हणाली, ते माहीत आहे, पण उत्तर दिलं नाही तिने, मला वाटलं होतं देईल. असं म्हणाली आणि विषय बदलला तिने. तिला वाटतंय गहाळ झाली हे आईने उगीच समजूत घालायला सांगितलं, खरं तर आईने भरलीच नसेल. हे माझ्यामुळे वाटतंय तिला. मेलेल्या माणसावर मी खोटेपणा घातला, पल्लवी. त्या रविवारपासून जेवण जात नाही मला.

मी काय करतो सांगू? तो वॉकमन आहे अजून. तो कानाला लावून मी फिरतो सकाळी, संजनाची कॅसेट लावून. कॉलनी मलाही हसते आता, हसू दे. एकेका जागी थांबतो आणि आठवतो, इथे विमल काय म्हणाली होती. एकदाच ऐकलेली ना मी, तीही घाईघाईत, चोरासारखी. गिरणीपाशी म्हणाली होती, इथे तुझा फ्रॉक पट्ट्यात अडकला होता आणि चिमाजीने वेळेवर गिरणी बंद केली. ते आठवतं. टाकीपाशी डुकरांचं काहीतरी म्हणून हसली होती. फरशीवर काय म्हणाली? आठवत नाही. पाच नंबरला? नाही आठवत. फाटक, गिरणी, टाकी — पुसलेल्या अकरापैकी तीन जागा आल्या माझ्या हाताला. तेवढ्या कागदावर लिहून दिल्यात, त्याच रुमालात आहे कागद. मी काय केलं, तेही लिहिलंय त्यात. सगळं. फोनवर मला ते बोलता नसतं आलं.

बारा नंबरला काय आहे? ...विचारलंसच. बरं. तूही पोरीसारखीच आहेस, ऐक. "संजू, हे आपलं दार. बेल वाजत नाही, कडी वाजव. दार बाबा उघडतील. ते बोलत नाहीत तुझ्याशी, पण तुझा फोन आला ना, की स्वयंपाकघरात स्टूल घेऊन दाराआड बसतात. मागच्या रविवारी तू खोकलीस, तर दोन दिवस मला विचारत होते, औषध घेते का ती, तिथे थंडी किती असते. मी बाहेर गेले की तुझा शाळेतला फोटो काढून बसतात आणि रडतात, मला कळत नाही असं वाटतं त्यांना. तू ये. ते बोलले नाहीत तर तू बोल. पण ये, आणि कडी वाजव." बस. मग खट् करून बंद.

एवढ्याची लाज वाटली मला. एवढ्याची!

घे तो रुमाल. पर्समध्ये ठेव, मोठ्या बॅगेत नको, मोठ्या बॅगा हरवतात. तिच्याच हातात दे. वाईट वाटेल तिला, मला माहीत आहे, कदाचित फोन बंद करेल माझा. करू दे. आईचा आवाज तर मिळेल तिला. आणि तिने विचारलंच माझ्याबद्दल, तर — तब्येत बरी आहे म्हणावं. आणखी एक सांग. बेल अजून तशीच आहे म्हणावं. वायरमन दोनदा आला होता, परत पाठवला मी. विमलने सांगून ठेवलंय त्यात, बेल वाजत नाही म्हणून. पोरगी कधी आली, तिने दाबली आणि वाजली, तर आईचं तेवढंही खोटं ठरायचं.

जा आता. लताबाई वाट बघत असतील. चप्पल घाल, आणि दार नुसतं लोटून घे, कडी मी लावतो.