अण्णांची सर्वपक्षीय पुलिया

मंडळी, बसून घ्या. मागे उभे आहात ते पुढे या, सतरंजीवर जागा आहे. मला फार बोलवणार नाहीये. अण्णा गेल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्यांना तेच तेच सांगून घसा बसलाय. आणि खरं सांगू? मनही थकलंय.

मी सुनंदा. अण्णांची शेजारीण, आणि आपल्या मोहल्ला समितीची सचिव. मतलब अण्णा बैठक ठरवायचे आणि मी सगळ्यांना फोन करत बसायची.

बाहेर फळ्यावर लिहिलंय, 'सर्वपक्षीय शोकसभा'. वाचलं आणि हसूच आलं हो मला. काकू, माफ करा. पण या एका शब्दापायी तुमच्या नवऱ्याने किती चपला झिजवल्या, ते तुम्हाला आणि मलाच माहीत.

नाल्यावरची नवी पुलिया तुम्ही सगळ्यांनी पाहिलीये. पायी जाणाऱ्यांसाठीची. पलीकडे दवाखाना, शाळा, भाजीवाले. बनून तयार आहे. इंजिनियर साहेबांनी तपासून पास केलीये. तरी दोन्ही टोकांना पत्रे ठोकलेले. का? तर म्हणे लोकार्पण बाकी आहे. लोकार्पण कोण करणार? हा पक्ष म्हणतो आमचे नेते, तो पक्ष म्हणतो आमचे. आणि तोवर आपण पलासियाच्या मेन रोडने, त्या ट्रॅफिकमधून, पिशव्या सांभाळत चक्कर मारायची. काकूंनीही मारायची, गुडघा धरून.

सगळ्या पक्षांना एकत्र बसवायला अण्णांनी किती बैठका घेतल्या! त्यांच्या घरी नियम एकच. दारात चपला काढायच्या, आणि तिथल्याच खुंटीवर गळ्यातला पक्षाचा दुपट्टा अडकवायचा. मग आत यायचं. एकदा एक नेते अडून बसले, "अण्णाजी, दुपट्टा तो रहने दो." अण्णा म्हणाले, "भिया, थंडी वाजत असेल तर माझी शाल घ्या." हसला ना सगळा हॉल? तेव्हाही असेच हसले होते सगळे. ते नेतेही हसले. दुपट्टा निघाला. पत्रे नाही निघाले.

मग एकदा मी वैतागले. म्हटलं, "अण्णा, सगळ्या पक्षांचे लोक आले, चहा पिऊन गेले. झालं की सर्वपक्षीय! अजून काय पाहिजे तुम्हाला?"

म्हणाले, "सुनंदाबाई, ही तर नुसती गर्दी. काम व्हावं, आणि ते कुणी केलं हे कुणालाच सांगता येऊ नये. तेव्हा म्हणायचं सर्वपक्षीय."

तसं काही झालं नाही. गेले त्या सकाळीसुद्धा अण्णा मेन रोडनेच दूध घेऊन आले. पिशवी ओट्यावर ठेवली आणि बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट. कुणाला दोष नाही देत मी.

आणि आज? आत्ता माझ्या आधी दोघे बोलले. दोन पक्षांचे, दोघेही आपलेच. पहिले म्हणाले, पुलियाला अण्णांचं नाव देऊ. दुसरे म्हणाले, ही मागणी सगळ्यात आधी आमची. अरे, अजून तेरावं नाही झालं त्या माणसाचं! आता त्यांच्या नावाचीही ओढाताण? काकूंनी मान खाली घातली, ती पाहिली का कुणी? मी पाहिली. राग येण्याचं वय गेलं माझं, नुसता शीण येतो.

पण इथे उभं राहून मला एक गोष्ट दिसतेय. आज कुणाच्याच गळ्यात दुपट्टा नाही. सगळे पांढऱ्या कपड्यांत, चपला बाहेर. कुणाला सांगावं लागलं नाही. अण्णांचा नियम पहिल्यांदाच न सांगता पाळलात तुम्ही, आणि बघायला अण्णा नाहीत.

म्हणून विनंती करते. आत्ता बोललात त्या दोघांना. भाऊ, तुम्हाला, आणि भिया, तुम्हालाही. दोन मिनिटांचं मौन इथे नको. चला, उठू या. पुलिया या गल्लीच्या टोकालाच आहे. काकूंना पुढे घेऊ. सगळ्यांचे हात लागले की पत्रे निघतात. काकू पलीकडे जाऊन येतील, सावकाश, पाहिजे तेवढा वेळ घेऊन. मग तिथेच उभे राहून अण्णांना हात जोडू आणि मौन पाळू.

आणि उद्या पेपरवाले विचारतील, तुमचे वरचे नेते फोन करून विचारतील, पत्रे कोणी काढले?

तेव्हाही, मंडळी, मौनच पाळा.