शिंप्याचा डोळा

संध्याकाळी साडेसातला वेधशाळेच्या दुर्बिणीतून शनी दाखवायला सुरुवात झाली. रांगेतल्या एका बाईंच्या पुढे एक म्हातारा शिंपी आणि त्याची नात होती.

"आजोबा, दिसला?"

"नुसता अंधार. यांचा शनी रजेवर गेलाय."

"अहो, तुम्ही डावा डोळा मिटलाय!"

"सुई ओवताना तोच मिटतो. जन्माची सवय."

"पण उजव्यात मोतीबिंदू ना? डाव्याने बघा."

"अगं पोरी! कडं आहे गं, खरंच! आणि जोड कुठे दिसत नाही. काय हात असेल!"

"चला आता, लोक खोळंबलेत."

"उद्या ऑपरेशन झालं की उजव्याने बघायला आणशील?"

"डॉक्टरांनी खात्री दिली नाहीये, आजोबा."

मागच्या बाई म्हणाल्या, "बघू द्या त्यांना."

आठ वाजले तरी रांग हलली नव्हती. शिंप्याने उजवा डोळा घट्ट मिटून घेतला होता.