चार नंबरने खाल्लेला कागद

तेल्व्हा : खाल्ला म्हणजे? सगळा?

बेलार्मिनो : सगळा, अक्का. दोन सह्या, सोसायटीचा शिक्का, नऊच्या नऊ वळूंचे मार्क. दोनदा चावला आणि गिळला.

तेल्व्हा : बूट काढ, बस, आणि पहिल्यापासून सांग. तिन्ही गावांच्या गाईंना पाच वर्षं पुरायचा वळू निवडायचा होता. घराचं मत तुझ्या नावावर आहे म्हणून तुला पाठवलं, नाहीतर मीच गेले असते.

बेलार्मिनो : मी पोचलो तर एव्हारिस्तो आणि लाउदेलिनो आधीच हजर. समिती आम्हा तिघांचीच, गुरांच्या डॉक्टरीणबाई फक्त मोजायला. त्यांनी प्रत्येकाची छाती, उंची, अंडांचा घेर, सगळं टेप लावून मोजलं. टेपचं दुसरं टोक धरायचा मान एव्हारिस्तोने अध्यक्ष म्हणून स्वतःकडे घेतला. चार नंबरने त्याला एक सणसणीत लाथ घातली, आणि तो तिथेच चार नंबरवर लट्टू झाला. म्हणाला, ह्याला म्हणतात जोर.

तेल्व्हा : चार नंबर म्हणजे तो मोठ्या पुठ्ठ्यांचा?

बेलार्मिनो : मोठे काय, मागून बघितलं तर दोन वळू खेटून उभे आहेत असं वाटतं. लाउदेलिनो पडला खाटीक, तो तर चार नंबरकडे बघत मनातल्या मनात तुकडे पाडत होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, ह्याची वासरं जन्मतःच पन्नास-पन्नास किलोची होतात, पहिलारू कालवडी अडून मरतील. तर लाउदेलिनो म्हणाला, तो गाईंचा प्रश्न आहे, समितीचा नाही.

तेल्व्हा : आणि तू?

बेलार्मिनो : मी नऊ नंबर म्हटलं. तूच सांगितलं होतंस ना, डोकं लहान आणि वासरं हलकी देणारा बघ. दोघं हसायला लागले. हा वळू आहे की पोस्टमन, म्हणाले. झालं, दोन विरुद्ध एक. त्यांनी कागदावर चार नंबर लिहिला, सह्या ठोकल्या आणि सहीसाठी कागद माझ्या हातात दिला.

तेल्व्हा : आणि तो खाल्ला कुणी?

बेलार्मिनो : चार नंबरनेच.

तेल्व्हा : मग?

बेलार्मिनो : डॉक्टरीणबाईंनी नियम वाचून दाखवला. कागद नसेल तर निवड रद्द, त्याच दिवशी पुन्हा मतदान. एव्हारिस्तो ऐकेना. म्हणाला, कागद गेलेला नाही, नुसता आत आहे. बादली आणि स्टूल घेऊन तो चार नंबरच्या मागे बसला. बाईंनी समजावलं, गुराचं पोट आहे, बाहेर यायला दोन दिवस लागतील, आणि येईल तो कागद नसेल. तर म्हणतो, माझी शाई पक्की आहे.

तेल्व्हा : बसला खरंच?

बेलार्मिनो : चार तास. आम्ही जेवून आलो तरी बसलेला. तोवर लाउदेलिनोचा धीर सुटला. शनिवार, अख्खं खोरं रविवारच्या जेवणाचं मांस न्यायला त्याच्या दारात. तो गेला दुकान उघडायला. मग बाईंनी हजर असलेल्यांचं मत घेतलं. एव्हारिस्तोने शेपटीमागून चार नंबर सांगितलं, मी नऊ. बरोबरी झाली की निर्णय डॉक्टरांचा, हेही नियमातच आहे. त्यांनी नऊ नंबर लिहिला आणि ह्या खेपेला कागद स्वतःच्या गाडीत ठेवून काच वर केली.

(तेल्व्हा त्याच्या पेल्यात सफरचंदाची साइडर ओतते.)

तेल्व्हा : कोट कुणाचा घालून गेला होतास?

बेलार्मिनो : तुझा. माझा वाळला नव्हता.

तेल्व्हा : माझ्या खिशात गुरांसाठी मीठ असतं.

बेलार्मिनो : होतं. कागद त्याच खिशात ठेवला होता.

तेल्व्हा : मग बाहेर कसा आला?

बेलार्मिनो : मी काढला.

तेल्व्हा : आणि?

बेलार्मिनो : जरा पुढे धरला. तो कठड्यावरून मान काढून उभाच होता, अक्का.

तेल्व्हा : तू? पाव शिळा मिळाला तरी जो मुकाट्याने घरी घेऊन येतो, तो तू?

बेलार्मिनो : फेब्रुवारीत तुझा हात खांद्यापर्यंत त्या अडलेल्या कालवडीच्या पोटात होता. ओढ, ओढ म्हणून तू ओरडत होतीस. वासराच्या पायांना बांधलेला दोर माझ्या हातात होता. मी ओढला नाही. डोळे मिटून नुसता उभा राहिलो.

तेल्व्हा : माहीत आहे मला.

बेलार्मिनो : कधी बोलली नाहीस.

तेल्व्हा : ओढला असतास तरी वासराला काही फरक पडला नसता. ते आधीच गेलं होतं. माझ्या हाताला कळलं होतं ते.

बेलार्मिनो : मग ओढ का म्हणत होतीस?

तेल्व्हा : त्याची आई जगायला हवी होती.

बेलार्मिनो : जगली ना. आता नऊ नंबर मंगळवारी येतोय, पहिला आपल्याच कुरणात सोडणार आहेत. म्हटलं, तिलाच आधी...

तेल्व्हा : तिला नको. यंदा तिला नुसतं चरू दे.