वरच्या मजल्यावरचा पॅरलल फोन

माझा जन्म खडवलीचा, वडील वीटभट्टीवर, आमच्या सगळ्या घराण्यात पहिली पदवी माझी, आणि ती काही माझ्या एकटीची नाही बघा, शाळेतल्या बाईंनी हाताला धरून कल्याणच्या कॉलेजात नाव घातलेलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तर अशी मी बी.एस्सी. होऊन डोंबिवलीत जाहिराती बनवणाऱ्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर लागले. ऑफिस तळमजल्यावर, मालकाचं घर बरोबर डोक्यावर. त्याला आम्ही साहेब म्हणायचो.

साहेब मारायचा. काय सांगू तुम्हाला, तोंडाआधी हात चालायचा. माझ्याबरोबर गिरीश होता, त्याच्या कानाखाली अशी काढलेली की त्या कानाने त्याला आजही कमी ऐकू येतं. आणि वरून वहिनींचा, म्हणजे साहेबाच्या बायकोचा आवाज यायचा, आधी ओरडल्याचा, मग नुसतंच काहीतरी भिंतीवर आपटल्याचा, आणि आम्ही खाली मान घालून टाइप करायचो.

तेव्हा नवा मोडेम आणलेला, फोनच्या तारेतून मुंबईच्या छापखान्यात फाइल पाठवायचा डबा, सगळ्यात वेगवान म्हणून. दुपारी साहेब गिऱ्हाइकांकडे गेला की आम्ही फाइल लावायचो, सुरुवातीला भरभर जायची आणि मग जी मंदावायची ती परत वेग घ्यायचीच नाही. छापखाना साहेबावर ओरडायचा, साहेब आमच्यावर. केबल बदलली, आतलं कार्ड बदललं, सगळी सेटिंग लावून पाहिली, लाइनमन बाहेरचे जॉइंट नवे करून गेला, तरी तेच. साहेबाने गिरीशचं डोकं टेबलावर दाबलं, उद्या फाइल अडकली तर हीच वायर गळ्याला आवळीन म्हणाला, आणि बघितलं माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी मी पडद्याला डोळे लावून बसले. चूक आली की मोडेम तोच तुकडा परत पाठवतो आणि घाबरल्यासारखा वेग उतरवतो. चुका झुबक्याने यायच्या, मग शांत, मग परत झुबका. खराब तार अशी थांबून थांबून बिघडत नाही, हे तर कोणीतरी रिसीव्हर उचलतंय. तारेच्या मागे गेले, तर भिंतीवरच्या डबीतून दुसरी तार निघालेली, रंगाखाली दडलेली, खिडकीतून वर गेलेली. पॅरलल! तेव्हा फोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, म्हणून एकाच फोनची तार जो तो दोन घरांत ओढायचा, इतकं नेहमीचं की आमच्या डोक्यातच आलं नाही.

वर गेले. वहिनी रिसीव्हर धरून उभ्या, ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. म्हणाल्या, अगं रागावू नकोस, मी नुसतं बघते गं लाइन मोकळी झाली का, माझे भाऊ शहाडला आहेत, हा घरात असताना फोन करता येत नाही आणि हा गेला की त्यात तुमच्या त्या डब्याचं किंचाळणं चालू असतं. आज रात्री तुला संपवतो असं सांगून गेलाय गं.

म्हणजे बघा, त्यांचा जीव आणि माझी फाइल एकाच तारेवर. मी खाली धावले. गिरीश म्हणाला, वेडी झालीस काय, सोडणार नाही तो आपल्याला. मी म्हटलं गप रे, मोडेमची पिन उपटली आणि वर ओरडले, वहिनी, लावा फोन भावांना.

साहेब आला, अर्धवट फाइल बघितली. कोणी तोडलं? मी म्हटलं, मी. त्याने मोडेमच उचलून मारला, ही भुवई बघा, टाके आहेत. दुसऱ्यांदा उचलला तेवढ्यात वहिनींचे भाऊ दारात. त्यांनी त्याला जिन्यापर्यंत ओढत नेलं, कठड्यावर तोंड आपटलं, दात फरशीवर पडलेले मी डोळ्यांत उतरणाऱ्या रक्तातून पाहिले, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वहिनी खाली आल्या, पदराने माझी भुवई दाबून धरली आणि अनवाणीच भावांबरोबर गेल्या.

मग गिरीशने मोडेम जोडला, चालतो का बघू म्हणाला. सुसाट गेली हो फाइल, एका दमात. वर उचलायला कोणी नव्हतं.

आता मी घरी मुलांना कॉम्प्युटर शिकवते, बरं चाललंय. वहिनींचा शहाडहून अजून फोन येतो, मी हातातलं टाकून उचलते. लाइन मोकळी आहे का गं, म्हणून हसतात. देव करो आणि ज्यांना ज्यांना गरज आहे त्यांना ती मोकळी मिळो.