लाल पान

नाही मॅडम, टॅब हरवला नाही, विकला नाही, कुणा लहान पोराला खेळायलाही दिलेला नाही — हा बघा, कव्हरसकट आहे, काचेवर ओरखडासुद्धा नाही. बसा ना. आई तिसऱ्या मजल्यावर गेलीय, भाडेकरूंचा नळ बंद पडलाय म्हणून, येईलच एवढ्यात. तुम्ही त्या संस्थेच्या ना, ज्यांनी आमच्या नववीला टॅब दिले? हौसेराव सर म्हणाले होते कोणीतरी येणार म्हणून. सगळ्या वर्गासमोर म्हणाले. म्हणे, नमिता शाळेत चांगली वाचते आणि घरी तोच टॅब उघडला की दुसरीतल्या पोरासारखी वाचते, पानंच्या पानं लाल — म्हणजे टॅब दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे, आणि तसं असेल तर तो परत जाणार. मागून धनेश बोलला, भाड्यानं दिला असेल, यांचा धंदाच तो. वर्ग हसला. मी वर्गात बोलतच नाही, सरांना विचारा — मी फक्त टॅबशी बोलते, माईक ओठांना लावून.

आता तुमच्याशी बोलतेय ते कसं काय, मलाच माहीत नाही.

तर दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे हे खरंय. आईच्या हातात आहे. थांबा, बॅगेत नका ठेवू, आधी ऐका. तुम्हाला वाटेल, चार मजली बिल्डिंग आहे यांची, आईला एक टॅब घेता येत नाही? येतो. पण हे वाचनाचं ॲप दुकानातल्या टॅबवर मिळत नाही, मी विचारून आलेय. मग शिकवणी लावा म्हणाल — कुणाला, आईला? ती मालकीण आहे मॅडम. ऐरोलीच्या कंपन्यांत जाणारे आमचे भाडेकरू तिला मावशी म्हणतात, कागद पुढे करतात, आणि ती म्हणते, चष्मा वर राहिला. वर असली की म्हणते, खाली राहिला. आईला चष्मा नाहीच. — हे मी सांगायला नको होतं. पण सांगितलं आता.

चौथीपर्यंत गेली ती शाळेत. हुशार होती, असं माझी मावशी सांगते, आई स्वतः नाही सांगत. एकदा बाईंनी तिला उभं करून वाचायला लावलं, तिनं 'पानी' वाचलं. बाई म्हणाल्या, पाणी म्हण. ती म्हणाली, पानी. पुन्हा म्हण. पानी. बाई म्हणाल्या, शब्द नीट येईपर्यंत उभी राहा — आणि मग वर्ग हसायला लागला. आमच्या घरात, आमच्या गावात, सगळ्यांच्या तोंडी पानीच होतं हो, मग तिच्या तोंडून दुसरं काय येणार? दुसऱ्या दिवशी ती शाळेऐवजी आजोबांबरोबर मिठागरावर गेली. मग कधीच नाही गेली शाळेत. आता ते मिठागरही नाही, तिथं टॉवर झालेत, पण ती उभी राहिलेली राहिलीच.

तर तुमचा टॅब आला तेव्हा मी वाचत होते, एकेक शब्द हिरवा होत होता, आणि आई भाजी निवडता निवडता बघत होती. बऱ्याच वेळानं शेजारी येऊन बसली. विचारलं काय माहितीये? 'यो हसत नाय ना गो?' मी म्हटलं, मशीन आहे आई, कशाला हसेल. तिनं हात पदराला पुसले आणि वाचलं. पहिलाच शब्द तो. मुद्दाम ठेवल्यासारखा. लगेच लाल झाला. तिनं बोट असं मागे घेतलं, तव्याला लागल्यासारखं, आणि म्हणाली, लाल कशाला झाला? — मी काय सांगायला हवं होतं, तुम्हीच सांगा. चुकलीस म्हणून? तीस-एक वर्षांनी पुन्हा तेच?

मी सांगितलं, लाल म्हणजे वाचून झाला. हिरवा म्हणजे राहिला — माझे मघाचे हिरवे सगळे राहिलेच, म्हटलं.

हो, खोटं. खोटंच सांगितलं, आणि परत सांगेन.

मग ती रोज बसायला लागली. आणि मॅडम, तुमच्या अहवालात जे आकडे घसरलेत ना, ते तिला येत नाही म्हणून नाही घसरलेले. तिला निम्मे शब्द पहिल्या वेळीच बरोबर येतात. पण हिरवा दिसला की तिला वाटतं राहिला. मग त्याच्यावर बोट ठेवून पुन्हा वाचते, वेगळ्या आवाजात वाचते, मोठ्यानं वाचते, तोडून वाचते — तो लाल होईपर्यंत सोडत नाही. सगळं पान लाल झालं की मला दाखवते. 'बघ, एकपन नाय सोरला.' एवढी मेहनत आमच्या वर्गात कुणी करत नाही. मीपण नाही.

आणि सरांचं सांगू? सर साताऱ्याकडचे. पहिल्या दिवशी ॲप कसं चालतं ते त्यांनी वाचून दाखवलं, तर त्यांचा 'आणि' लाल. पुन्हा वाचला, पुन्हा लाल. सर म्हणाले, माईक खराब आहे, दुसरा आणा. तोपण खराब निघाला. सर वाचतात तेव्हा माईक खराब असतो, माझी आई वाचते तेव्हा टॅबचा गैरवापर होतो — हे कसं काय?

ती वर का गेलीय माहितीये? सकाळी भाडेकरू आमच्या दाराला चिठ्ठी लावून कामावर गेले. रोज ती असलं काही दिसलं की मला हाक मारते. आज नाही मारली. दारात उभी राहिली, ओठ हलवले, आणि प्लंबरला फोन केला. चिठ्ठीत होतं, नळाला पानी नाही. तिला कळलं ना? प्लंबरला कळलं ना? मग अडलं कुठं? — काय? मी काय म्हटलं? पानी म्हटलं? म्हटलं असेन. बघा, म्हणून मी वर्गात बोलत नाही.

माझ्या नावापुढे काय लिहायचं ते लिहा. दुसरीची लिहा, पहिलीची लिहा. सरांना सांगा नमिता मठ्ठ आहे, चालेल मला. पण टॅब नका नेऊ, तिची थोडीच पानं राहिलीत. आणि न्यायचाच असेल तर न्या, पण लाल म्हणजे काय ते तिला सांगायचं नाही. इतकंच. एवढं तर करू शकता तुम्ही, शिकलेल्या आहात.

चपला वाजल्या. आलीच ती. नाही, तुम्ही उठू नका — ये गो आई. या शाळेच्या टॅबच्या मॅडम. अगं, चष्मा कशाला शोधतेस, राहू दे, अक्षरं मोठी केलीत मी. बस इथं. मॅडम लाल पान बघायला आल्यात.