काकूंचा फाटा

“पाण्याची लाइन बदलाल तेव्हा तिच्यावरून शेजारच्या काकूंकडे जाणारा फाटा तोडू नका रे,” आई जाताना म्हणाली होती. पाइपच्या दुकानात थोरल्या भावाबरोबर रांगेत उभ्या धाकट्याला तेच आठवत होतं.

“जमिनीखालचा सगळा पाइप सडलाय. नवा टाकू, सरळ आपल्या घरात,” थोरला म्हणाला.

“आणि काकूंचं पाणी, दादा?”

“वर्षभर त्यांनी आपल्याशी बोलणं टाकलंय, आणि मी त्यांच्या घरी पाणी भरू?”

“आईला मी हो म्हटलंय.”

“मग तो हो खिशात घालून फीर! फाटा जोडायला त्यांचं अंगण खणावं लागेल. विचारायला कोण जाणार? मी त्या दारात पाय ठेवणार नाही.”

“ठरवा लवकर, मागे माणसं खोळंबलीत,” दुकानदार म्हणाला.

“मालक, फाट्याचा एक जोड द्या,” धाकटा म्हणाला.

त्याने जोड खिशात घातला आणि तो काकूंच्या दाराकडे निघाला.