वाकडी खाच

जनावरांच्या दवाखान्यात मांजर घेऊन बसलेल्या शिक्षिकेशेजारी दोन म्हाताऱ्या नणंद-भावजया बोलत होत्या.

"वहिनी, विद्यापीठातून कसला फोन होता?"

"तळ्यावर अभ्यास करणाऱ्या मुलींचा. ह्यांचं एक कासव सापडलं म्हणे."

"दादा जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ते अजून आहे?"

"चांगलं ठणठणीत आहे. अंडी घालायला त्याच काठावर आलं."

"त्या काठापायी दादाने केवढं जिवाचं रान केलं होतं."

"म्हणून तर रस्ता दुसरीकडून गेला, बाई."

"पण दादाचंच कशावरून?"

"ओळखीसाठी कवचाच्या कडेला खाच पाडायचे ना हे? ह्याची वाकडी आहे."

"काहीतरीच. दादाचा हात किती सरळ होता."

मांजराचा नंबर पुकारला गेला. शिक्षिका उठलीच नाही.

"लग्नाआधी एकदा मी मदतीला गेले होते. कासव मी धरलं होतं, आणि हे कासवाकडे बघतच नव्हते."